बारीक व्हायचंय, पैलवान नाही

"देखिए भैया, मुझे पतला होना है, पहलवान नहीं होना. आधीच सांगून ठेवते."

शेवटचं वाक्य मराठीत निसटलं, पण इम्तियाजला ते कळलं. लखनौच्या आलमबागेतल्या जिममध्ये ट्रेनर म्हणून उभं राहायचं तर समोरच्याची भीती कुठल्याही भाषेत कळावी लागते.

जिम पहिल्या मजल्यावर होतं आणि त्याच्या बरोबर खाली बँकेची शाखा. त्या शाखेत चंद्रप्रभा उपव्यवस्थापक होती. गेली कित्येक वर्षं दुपार कलली की वरून लोखंड आपटल्याचा आवाज येई, मुदत ठेवीचं विचारायला आलेले पेन्शनर दचकून छताकडे बघत, आणि चंद्रप्रभा कागदावरची नजर न हलवता म्हणे, "कुछ नहीं अंकल, ऊपर ताकत जमा हो रही है." आज ती स्वतःच जिना चढून वर आली होती आणि वर येईपर्यंत तिला कठड्याशी दोनदा ओळख वाढवावी लागली होती.

"तशरीफ़ रखिए, मैडम," इम्तियाज अदबीने म्हणाला. चंद्रप्रभा समोरच्या बाकावर बसली. तिला वाटलं, आता पाणी येईल.

"अब ज़हमत न हो तो उठ जाइए. हाथ टेके बग़ैर."

चंद्रप्रभा उठली. गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून, 'आई गं' असं आईचं स्मरण करून उठली.

"जी," इम्तियाज म्हणाला, "यहीं से शुरू करेंगे." आणि त्याने तिच्या हातात दोन लहानसे गुलाबी डंबेल्स दिले. चंद्रप्रभेने ते तापलेल्या तव्यासारखे परत त्याच्या हातात ठेवले.

"यह तो वज़न है!"

"जी. जिम है."

"मेरे हाथ फूल जाएँगे."

इम्तियाजने एकदा स्वतःच्या दंडाकडे पाहिलं. तो फुगावा म्हणून त्याने उभं तारुण्य खर्ची घातलं होतं. "मैडम," तो खोल आवाजात म्हणाला, "काश इतना आसान होता."

पण चंद्रप्रभा जिना उतरायला लागली होती.

या भीतीचं मूळ कोल्हापूर जिल्ह्यात होतं. तिचं माहेर कागलच्या बाजूचं, पैलवानांचं. वडील, म्हणजे आबा, तालमीचे वस्ताद. आजोबांनी जिंकलेल्या गदा भिंतीवर. थोरला भाऊ धैर्यशील दारातून आत येताना आधी एक खांदा आत पाठवी आणि मागून दुसरा बोलावून घेई. घरच्या पुरुषांचा एकत्र फोटो काढला तर त्यात माना कुठे आहेत ते पाहुण्यांना बोटाने दाखवावं लागे. बायकाही काही कमी नव्हत्या. मोठी आत्या विहिरीवरून येताना दोन घागरी डोक्यावर, एक कमरेवर घेई आणि रिकाम्या हाताला काही काम नाही म्हणून वाटेत कुणाचं तरी लेकरू उचले. 'आपल्या घराण्यात अंग लगेच धरतं' हे वाक्य चंद्रप्रभेने लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं होतं, की तिची खात्रीच झाली होती. लोकांना जोर काढावे लागतात. आपल्याकडे जोर काढणाऱ्याकडे नुसतं बघितलं तरी दंड भरतो. कॉलेजात एनसीसीच्या परेडला तिने आपली रायफल मैत्रिणीकडे धरायला दिली होती ती याच धास्तीने.

पुढे लग्न झालं ते सुबोधशी. सुबोध पुण्याचा, लखनौच्या एका संशोधन संस्थेत पदार्थविज्ञानाचा माणूस आणि अंगाने इतका बारीक, की लग्नात हार घातल्यावर काही वेळ फक्त हारच दिसत होता. त्याच्यावर या शहराच्या खाण्याचा काही परिणाम झाला नाही. चंद्रप्रभेवर मात्र झाला. लखनौत इतकी वर्षं राहून बारीक राहणं हा यजमानांचा अपमान असतो आणि ती कुणाचा अपमान करणाऱ्यांतली नव्हती. थंडीतलं मक्खन-मलाई, पावसातली खस्ता कचौरी, मधल्या ऋतूंत दोन्हींची आठवण म्हणून काहीतरी तिसरं.

हेही तिने गोड मानून घेतलं असतं. पण प्रश्न फुगडीचा होता.

लखनौतल्या मराठी मंडळींचं एक मंडळ आहे आणि त्या मंडळाची मंगळागौर रविवारी होते. मंगळवारी बँका चालू असतात, हे गौरीने फार पूर्वीच समजून घेतलंय. शेजारपाजारच्यांचा सावन अर्धा सरला की मग मंडळाचा श्रावण उगवतो, त्यामुळे कॉलनीतल्या बायकांना दरवर्षी वाटतं, की या मराठी बायका उशिराच जाग्या होतात. तर त्या रविवारी सरोजिनी नगरातल्या हॉलमध्ये झिम्मा होतो, पिंगा होतो, सूप नाचवलं जातं आणि सगळ्यात शेवटी, सगळ्या दमून भिंतीला टेकल्यावर, चंद्रप्रभा आणि अनघा यांची फुगडी होते. निदान गेल्या वर्षापर्यंत होत असे. दोघी लखनौत एकाच सुमाराला आल्या, दोघी नव्या नवऱ्या होत्या, आणि पहिल्या श्रावणात एकमेकींचे हात धरले ते दर श्रावणात धरत आल्या. चंद्रप्रभेला बँकेने दोन बढत्या दिल्या होत्या, पण तिला विचारलं असतं की तुझी कमाई काय, तर तिने ही फुगडी सांगितली असती. घागरा फिरावा तसं लुगडं फिरे, भोवतीच्या बायका दिसेनाशा होत, आणि परक्या शहरात आपण नेमक्या कोण आहोत हे तेवढा वेळ सांगावं लागत नसे.

गेल्या वर्षी ऐन भरात चंद्रप्रभेची बोटं सुटली. ती स्वतः जागच्या जागी बसली. अनघा मात्र सरळ रेषेत निघाली आणि मंडळाच्या अध्यक्ष मधुमतीकाकू जिथे करंज्यांचं ताट मांडीवर घेऊन बसल्या होत्या, तिथे जाऊन थांबली. काकूंना काही झालं नाही. अनघालाही नाही. करंज्या गेल्या.

"चंद्रप्रभा, या वर्षी तू गौरीजवळ बस," काकूंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवालाच सांगून टाकलं. "समईत तेल घालायला एक जबाबदार बाई लागतेच."

मंडळात 'जबाबदार बाई' कुणाला म्हणतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या आधी ज्या जबाबदार होत्या त्या आता गुडघ्याच्या ऑपरेशनच्या गोष्टी सांगत.

ती अनघाकडे गेली. अनघा वनस्पतिशास्त्रज्ञ. देह काटकुळा, बोलणं मुद्द्याचं.

"अगं, मला काय नको आहे का फुगडी?" अनघा म्हणाली. "पण तू बघ ना, तू केवढी, मी केवढी! तू नुसती वळलीस तरी माझे पाय सुटतात. थोडी बारीक हो. माझ्या जवळपास ये, मी हात देते."

"होते की बारीक."

"पण जिमबिम लावून दंड फुगवून येऊ नकोस हं, तुझ्या माहेरचं अंग आहे! मागच्या वर्षी काकूंच्या मांडीवर गेले. तू पैलवान होऊन आलीस तर मी अमीनाबादेत सापडेन."

म्हणजे बारीक तर व्हायचं, पण अंग भरायला नको. इम्तियाजच्या दारात जाऊन परत येण्यामागे हे सगळं होतं.

मग तिने आधी चालणं धरलं. सकाळी कॉलनीतल्या पार्कात सुबोधबरोबर. चालणं चांगलंच होतं. पण पार्काच्या फाटकाशी चहा-बनमक्खनवाला उभा असे आणि सुबोध शास्त्रीय वृत्तीचा असल्यामुळे श्रम झाले की भरपाई झाली पाहिजे असं त्याचं मत होतं. तो खाऊन होता तसाच राही. ती खाऊन होती तशी राहत नसे. मग झुम्बा. सोसायटीच्या गच्चीवर पोरीबाळींबरोबर ती नाचली आणि खरं तर तिला ते आवडलंही, पण खालच्या मजल्यावरच्या निवृत्त न्यायाधीशांनी 'छत पर कुछ निर्माण कार्य चल रहा है क्या' अशी चौकशी केली आणि चंद्रप्रभेने तो विषय तिथेच संपवला. मधे आठवडाभर नुसतं काकडीवर राहून पाहिलं. त्या आठवड्यात शाखेत तिने तीन जणांची कर्जं नामंजूर केली. त्यातली दोन नंतर मंजूर करावी लागली.

"मम्मी, सीधे वेट्स क्यों नहीं करतीं आप?" पूर्वा म्हणाली. पूर्वाला मराठी सगळं कळे, पण उत्तर हिंदीत येई. जन्म लखनौचा.

"अगं, तुझ्या आजोळचं अंग आहे. भरेल."

"तो मामा से पूछ लो ना. अंग के मामले में वही एक्सपर्ट हैं."

पोरगी टोमणा मारून गेली, पण चंद्रप्रभेला ते पटलं. तिने कागलला फोन लावला.

"दादा, मी वजनं उचलली तर माझं अंग भरेल का रे?"

धैर्यशील म्हणाला, "कुणाचं?"

"माझं."

"काय उचलतीस?"

"अजून काही नाही. ती दोन हातांत दोन असतात ना, ती देत होता. गुलाबी रंगाची."

पलीकडून असा काही आवाज आला, की चंद्रप्रभा घाबरली. भाऊ हसतोय का रडतोय तेच कळेना. तो दोन्हींच्या मधे कुठेतरी होता.

"चंदे," तो म्हणाला, "मी पहाटं तारे असताना उठून तालमीत जायाचो. उभी जवानी मातीत घातली. ह्या माझ्या एकेका मांडीपायी एकेक म्हस आटलीया. दूध, तूप, बदाम, थंडाई, खायाचं आन् लढायचं, पुन्ना खायाचं. आबांनी ह्या अंगापायी मळ्याचा तुकडा इकला. आन् एवढं करून माझा डावा दंड अजून उजव्यापरास बारीक हाय, लोकांना दिसत न्हाई पर मला ठावं हाय. आन् तुला वाटतंय, तू हापिसातनं सुटून ती गुलाबी खेळणी चार येळा वरखाली करशील, आन् दिवाळीपातुर माझ्यावानी हुशील? आगं, अंग म्हंजे काय पावसाळ्यातली बुरशी हाय व्हय, आपसूक उगवायला?"

आपण इतकी वर्षं जी भीती बाळगली तो आपल्या बापजाद्यांच्या घामाचा अपमान होता, हे चंद्रप्रभेच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"मग आत्या?" तिने शेवटचा आधार काढून पाहिला.

"आत्याचं घागरी उचलणं तेवढं बघितलंस. जेवताना बघितलं न्हाईस. आन् काय गं, त्या फुगडीत हात कुणाचा सुटला?"

"माझा."

"बोटं सुटली?"

"हो."

"मग वजनावर कशापायी खापर फोडतीस? बोटांत दम न्हवता. जा, गुमान वजनं उचल, बैठका मार. खाणं आवर, ते लोणीबिणी बंद. आंग हलकं हुईल, चापून बसंल, फुगायचं न्हाई. आन् फुगलंच, तर मला लगीच फोन कर. मी लखनौला येतो शिकायला."

दुसऱ्या दिवशी चंद्रप्रभा पुन्हा जिना चढली. इम्तियाजने काही विचारलं नाही. परत आलेल्या माणसाला लखनौत 'का गेला होता' असं विचारत नाहीत. त्याने नुसते गुलाबी डंबेल्स पुढे केले. चंद्रप्रभेने ते बाजूला ठेवले आणि पलीकडच्या काळ्यांकडे बोट दाखवलं.

"वो वाले."

"वो अभी भारी होंगे, मैडम."

"हमारे यहाँ गुलाबी नहीं चलता."

काळे खरंच भारी निघाले. पण सांगून बसल्यावर माघार कशी घेणार?

सुरुवातीचे दिवस काही शोभेचे नव्हते. बँकेत ती खुर्चीत बसताना आणि खुर्चीतून उठताना असे आवाज काढी, की शिपाई धावत येई. इम्तियाजने तिला बैठका शिकवल्या, आधी नुसत्या, मग खांद्यावर दांडी घेऊन. जमिनीवरची दांडी पाठ ताठ ठेवून उचलायला शिकवली. भिंतीला हात लावून जोर, मग बाकाला, मग एका दिवशी जमिनीला. आणि एकदा त्याने तिच्या दोन्ही हातांत कडीचे दोन जड गोळे दिले आणि म्हणाला, "बस, ये लेके वहाँ आईने तक टहल आइए."

चंद्रप्रभा चालायला लागली. बोटं कडीवर आवळली, खांदे मागे गेले, पावलं आपोआप बेतशीर पडायला लागली. आरशाजवळ पोचली तेव्हा समोरून विहिरीवरून येणारी आत्या चालत येत होती. चंद्रप्रभेने तिच्याकडे क्षणभर बघितलं आणि मग वळून तोच फेरा पुन्हा घातला, न सांगता.

"माशाअल्लाह," इम्तियाज हळूच म्हणाला. "चाल तो ख़ानदानी है."

होळी आली, गुजिया आल्या. चंद्रप्रभेने एक खाल्ली आणि बाकीच्यांकडे नुसतं आपुलकीने पाहिलं. उन्हाळा आला, गरम वाऱ्याची लू सुटली, पार्क ओस पडलं, पण जिना होता तिथेच होता. तिला आता कठड्याची ओळख आठवत नसे. हनुवटीखाली एक कोपरा सापडला. दंडावर डोंगर काही उगवला नाही. जिथे मऊ होतं तिथे एक सरळ, घट्ट रेघ आली. पूर्वा एकदा मागून येऊन म्हणाली, "मम्मी यार, ये कंधे किसके हैं? मुझे भी चाहिए," आणि चंद्रप्रभा "चल, काहीतरीच," असं म्हणून आत गेली आणि आत गेल्यावर आरशासमोर बराच वेळ काहीतरी शोधत राहिली.

जेठ सरता सरता ती अमीनाबादला जुन्या टेलर मास्तरांकडे गेली, नऊवारीवरचा ब्लाउज घेऊन. मास्तरांचा हात कात्रीकडे न जाता सवयीने शिवण उसवायच्या सुईकडे गेला. दरवर्षी तेच काम असे.

"खोलना नहीं है मास्टरजी. अंदर लेना है."

मास्तरांनी चष्मा वर केला. टेप लावला, काढला, पुन्हा लावला. "बाँह वही है बेटा," ते म्हणाले. "कमर कहाँ छोड़ आईं?"

रिक्षात बसून घरी येताना चंद्रप्रभेला रस्त्यातल्या प्रत्येकाला ते वाक्य ऐकवावंसं वाटत होतं. तिने फक्त रिक्षावाल्याला ऐकवलं.

आता अनघा. श्रावण लागायच्या आधी चंद्रप्रभा तिच्या घरी जाऊन तिच्यासमोर उभी राहिली, एक गिरकी घेतली आणि म्हणाली, "बोल."

"अय्या! निम्मी झालीस गं!" अनघाचा आनंद खरा होता. पण ती शास्त्रज्ञही खरी होती. तिने पलंगाखालून वजनाचा काटा ओढून काढला. "उभी राहा."

चंद्रप्रभा दिमाखात उभी राहिली. दोघींनी खाली वाकून पाहिलं. काटा होळीच्या आधी जिथे होता त्याच्या जरासा अलीकडे होता. जरासाच.

"बिघडलाय तुझा काटा."

अनघा स्वतः उभी राहिली. काटा बिघडला नव्हता.

"म्हणजे बघ," अनघा हळुवारपणे म्हणाली, "तुझं आकारमान कमी झालंय. वस्तुमान जवळपास तेवढंच आहे. चरबी गेली, स्नायू आले. छानच झालं गं ते, तब्येतीला फार छान. पण मी फुगडी आकाराशी घालत नाही ना. वस्तुमानाशी घालते."

"अगं, पण माझ्या हातात आता दम आहे!"

"तेच तर. मागे दम नव्हता तर मी काकूंपर्यंत गेले."

घरी येऊन चंद्रप्रभेने हे सगळं सुबोधला सांगितलं. त्याने बायकोची बाजू घ्यावी एवढीच अपेक्षा होती. सुबोधने कागद घेतला, दोन वर्तुळं काढली, मधे एक बाण काढला, थोडा विचार केला आणि म्हणाला, "तत्त्वतः अनघाचं बरोबर आहे."

"अहो, तुम्ही नवरे माझे का अनघाचे?"

"मी तत्त्वतः म्हणालो."

त्या रात्री तत्त्वतः त्याला पोळी वाढली गेली, भाजी त्याची त्याने घेतली.

रविवार उजाडला. हॉलमध्ये गौर मांडली होती, पत्रींचा वास होता, आणि नव्याने लग्न होऊन लखनौला आलेली कौमुदी हिची ही पहिलीच मंगळागौर म्हणून ती हिरव्या शालूत अवघडून बसली होती. चंद्रप्रभा नऊवारी नेसून आली. ब्लाउज जिथे बसायला हवा तिथे बसला होता. बायकांनी "अगं बाई!" केलं, "काय खातेस गं हल्ली?" केलं, एकीने दंड दाबूनही पाहिला आणि "इश्श, फुगला नाही की!" म्हणाली. हे सगळं झाल्यावर मधुमतीकाकूंनी तिला गौरीजवळचा पाट दाखवला आणि तेलाची बुधली हातात दिली.

चंद्रप्रभा मांडी घालून बसली. समईत तेल घातलं. झिम्मा झाला, पिंगा झाला, सूप नाचलं. प्रत्येक खेळाला तिची पावलं पाटावरच्या पाटावर ताल धरत होती. समई इतकी भरली, की आणखी थेंब मावेना. सगळ्यात शेवटी अनघा मधे आली, पदर खोचला, आणि समोर कौमुदीने हात दिले. अनघाने एकदाच चंद्रप्रभेकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. चंद्रप्रभा हसली. तेवढं हसायला तिला त्या काळ्या डंबेल्सपेक्षा जास्त जोर लागला.

फुगडी सुरू झाली. जोडी बघायला नाजूक होती. दोघी एका वजनाच्या, तत्त्वतः अगदी बरोबर. चार गिरक्या झाल्या, वेग चढला, बायका टाळ्या पिटायला लागल्या. कौमुदीच्या हातात नवा चुडा होता, तळवे घामेजले होते, आणि असं जोरात फिरायची तिला सवयच नव्हती. "अनघाकाकू, सुटतंय!" ती ओरडली.

सुटलंच. कौमुदी मागच्या सतरंजीवर बदकन बसली. अनघा निघाली. या खेपेला सरळ रेषेत समई होती, आणि समईमागे गौर.

चंद्रप्रभा उठली. पुढे हॉलमधल्या बायका बरेच दिवस सांगत होत्या ते एवढंच: ती मांडीवरून उठली आणि तिने हात टेकला नाही. 'आई गं'सुद्धा केलं नाही. बसलेली होती ती उभी होती, एक पाऊल पुढे होती, आणि भेलकांडत आलेल्या अनघाची दोन्ही मनगटं तिच्या हातात होती. अनघा जितक्या जोरात आली तो जोर अंगावर घेऊन चंद्रप्रभा मागे रेलली, टाचा रोवल्या, आणि त्याच जोरावर तिने अनघाला समईच्या बाजूने वळवून सरळ रिंगणात नेलं. थांबायची गरजच उरली नाही. ती फुगडीच होती.

"सोड, सोड!" अनघा डोळे मिटून किंचाळत होती.

"सोडते कसली!" चंद्रप्रभा म्हणाली.

एक गिरकी, दुसरी गिरकी. अनघाने एक डोळा उघडला. पाय जमिनीवर होते. मग दुसरा उघडला. ती इतकी मागे रेलली होती, की तिला हॉलचा पंखा दिसत होता. इतकी मागे ती उभ्या जन्मात रेलली नव्हती, कारण आजवर तिला अर्धं लक्ष स्वतःच्या बोटांवर ठेवावं लागे. आता ठेवावं लागत नव्हतं. मनगटांवर सांडशीसारखी पकड होती, पण कुठे दुखत नव्हतं. ती हसायला लागली. आधी बारीक, मग खदखदून, कॉलेजातल्या पोरीसारखी. पदर सुटला, चष्मा कानावर लोंबायला लागला, आणि वनस्पतिशास्त्र, काटा, वस्तुमान सगळं भोवतीच्या बायकांबरोबर दिसेनासं झालं.

चंद्रप्रभेने वेग आपणहून कमी केला, अनघाला उभी केली आणि तिचा तोल सावरेपर्यंत धरून ठेवलं. जी बोटं सुटली होती, त्याच बोटांनी धरलं होतं.

भोवतीच्या घोळक्यातून पूर्वाचा आवाज आला. "एक बात बताऊँ? दोनों साल उड़ी तो अनघा मावशी ही हैं. सामने मम्मी तो बस एक बार थीं."

सगळ्यांनी अनघाकडे पाहिलं. अनघाने चष्मा सारखा केला. "दोन निरीक्षणांवरून निष्कर्ष काढता येत नाही," ती म्हणाली. मग चंद्रप्रभेचे हात पुन्हा धरून म्हणाली, "तिसरं घेऊ या. चल."

तिसरी फुगडी झाली. मग कौमुदी डोळे पुसत आली आणि चंद्रप्रभेला म्हणाली, "काकू, माझी अर्धीच राहिली." तिची पूर्ण झाली. मग जिने दंड दाबून पाहिला होता ती आली. मग बँकेतल्याच एका सहकाऱ्याची बायको, जिने बाळंतपणानंतर फुगडी सोडली होती. मग कंबरदुखीवाली, जिला डॉक्टरांनी 'नको' सांगितलं नव्हतं कारण तिने त्यांना विचारलंच नव्हतं. ज्यांनी ज्यांनी पडण्याच्या भीतीने हात आखडते घेतले होते त्या एकेक करून पदर खोचायला लागल्या. कुणाचं वजन किती याची चौकशी कुणी केली नाही. ही बाई सोडत नाही, एवढी एक गोष्ट हॉलभर पसरली होती. चंद्रप्रभा दोन फुगड्यांच्या मधे घोटभर पाणी पीत होती आणि पुढचीला हात देत होती. माहेरच्या आखाड्यात विजयी पैलवानाला खांद्यावर घेत, ते तिने लहानपणी बापाच्या मांडीवरून पाहिलं होतं. इथे कुणी खांद्यावर घेत नव्हतं, पण त्याची काही गरज नाही असं तिला वाटलं. आज खांदे तिचेच होते.

शेवटची दमून भिंतीला टेकली तेव्हा मधुमतीकाकू खुर्चीतून उठल्या. त्यांनी चष्मा काढून पूर्वाच्या हातात दिला. कानातल्या कुड्या काढून दिल्या. चपला खुर्चीखाली नीट जोडीने ठेवल्या. बायका आपोआप बाजूला सरकल्या. काकूंनी फुगडी सोडली तेव्हा या हॉलचा पायासुद्धा घातलेला नव्हता.

"काकू, अहो, तुमचे गुडघे..." कुणीतरी म्हणालं.

"माझे गुडघे मला माहीत आहेत," काकू म्हणाल्या आणि चंद्रप्रभेसमोर हात आडवे करून उभ्या राहिल्या. ते हात सुकलेले, थरथरते, पण पदर मात्र नव्या नवरीसारखा घट्ट खोचलेला. "धरशील ना नीट?"

"तुम्ही फक्त मागे रेला, काकू."

पहिली गिरकी काकूंनी चोरपावलांनी घातली. दुसरीला त्या रेलल्या. चंद्रप्रभा अगदी जपून, समईची ज्योत हलणार नाही अशा बेताने त्यांना फिरवत होती. काकूंचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. चंद्रप्रभेला वाटलं, त्या घाबरून देवाचं नाव घेत असाव्यात. तिने ऐकायला कान पुढे केला.

"जोरात," काकू म्हणत होत्या. "अगं, जोरात!"

चंद्रप्रभेने टाचा रोवल्या आणि वेग वाढवला.